पाहिजेत : पूर्णवेळ बेकार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बेकार माणूस औषधालाही सापडणार नाही. पटत नसेल तर साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर, नाहीतर सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर उभं राहावं आणि गाडीच्या सीटवर आडवा होऊन मोबाइल बघणाऱ्या कुठल्याही पोराला विचारावं, "काय करतोस रे सध्या?" तो सीटवरून न उठता सांगेल, "तयारी करतोय."

कशाची तयारी, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. एमपीएससीची असेल, पोलीस भरतीची असेल, तलाठ्याची असेल किंवा नुसतीच चहाला जायची असेल. तयारी एकदा सुरू झाली की वयाची अट संपेपर्यंत चालते. एमपीएससीला खुल्या गटासाठी ही अट ३८ वर्षांची आणि राखीव गटासाठी ४३ वर्षांची आहे, त्यामुळे घाई कुणालाच नसते. ती मुदत सरली की तोच माणूस 'शेती बघतो'. शेती त्याच्याकडे बघते की नाही, हा भाग वेगळा. लग्नाच्या बायोडेटात 'स्वतःचा व्यवसाय' असं लिहून पुढे कंसात बारीक अक्षरात 'नियोजित' लिहिलेलं असतं. 'घरी बसलाय' हे शब्द फक्त शेजाऱ्याच्या मुलाबद्दल वापरायचे, तेही खिडकी लावून घेऊन.

आणि हे अगदीच खोटं असतं असंही नाही. पहाटे साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर जा. अंधारात सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारणारी पोरं-पोरी दिसतील. दिवस उजाडला की हीच मंडळी अभ्यासिकेत दिसतात. अभ्यासिका म्हणजे प्लायवूडचे पडदे लावून पाडलेल्या, एका खुर्चीपुरत्या खोल्या. टेबलावर चार्जरची पिन, पडद्यावर चिकटवलेला भारताचा नकाशा, त्याखाली पेन्सिलीनं लिहिलेलं 'आता नाही तर कधीच नाही' आणि त्याच्याही खाली, आधीच्या भाडेकरूनं लिहिलेलं 'मीही असंच लिहिलं होतं'. या खुर्चीचं भाडं महिन्याच्या महिन्याला घरून येतं. कुणाचा बाप ऊस घालून देतो, कुणाची आई शिलाई मशीनवर बसते. पगार बंद असलेली माणसं स्वतःच्या खर्चानं दिवसाचे दहा-बारा तास राबतात आणि त्याला कुणी काम म्हणत नाही.

अडचण येते ती आपण अधिकृत बेकार आहोत हे सिद्ध करायची वेळ आली म्हणजे.

बेकार भत्त्याबद्दल आपल्याकडे प्रत्येकानं ऐकलेलं आहे. घेतलेला माणूस मात्र भेटत नाही. व्हॉट्सअॅपवर भत्ता नियमित मिळतो. 'सुशिक्षित बेरोजगारांना दरमहा ५००० रुपये, आजच अर्ज करा, उद्या शेवटची तारीख.' ही शेवटची तारीख गेली कित्येक वर्षं उद्याच आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तर एका बाजूनं बेरोजगार तरुणांना महिन्याला ४००० रुपयांपर्यंत आणि दुसऱ्या बाजूनं दहा लाख विद्यार्थ्यांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन असे आकडे आले. आमच्या गल्लीतल्या एका घरात दोन मुलगे आहेत. त्यातला कुणी शिकायचं आणि कुणी बेकार राहायचं, याची वाटणी मतदानाआधीच झाली होती.

माझ्या पिढीच्या वेळी भत्ता नव्हता, पण कार्ड होतं. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड. दहावीचा निकाल लागला की पेढे वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून नाव नोंदवायचं. 'नाव काढलंय का?' हा प्रश्न तेव्हा कीर्तीविषयी नसायचा, एक्सचेंजविषयी असायचा. १९५९ च्या कायद्यानं मालकांनी रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवायच्या आणि कार्यालयानं आपल्याला 'कॉल' पाठवायचा, अशी योजना. कार्ड ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करून घ्यावं लागे. म्हणजे आपण बेकार झालो होतो, अजून आहोत आणि पुढेही राहायचा विचार आहे, असं सरकारला वेळच्या वेळी कळवायचं. विसरलात की ज्येष्ठता गेली. बेकारीतसुद्धा ज्येष्ठता असते आणि ती घालवून चालत नाही, हा सरकारी नोकरीतला पहिला धडा आम्ही नोकरी न लागताच शिकलो.

पण बेकारीच्या नावानं खरोखर पैसे जमा होतात अशी एक गोष्ट आहे आणि ती आमच्या घरात घडली. माझी थोरली बहीण सांगलीला दिलेली आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आयटीआय फिटर. एका एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पगार १६,००० रुपये. एका शनिवारी सुपरवायझर म्हणाला, "ऑर्डर नाहीत. सोमवारपासून येऊ नका, कळवू." असं कळवतो म्हणणारे लग्नाच्या बैठकीतून उठलेले असोत की कारखान्यातले असोत, कळवत नाहीत, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक असतं.

आता त्याच्या पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का, म्हणजे १२० रुपये दरमहा कापले जात होते. या ईएसआयमध्ये १ जुलै २०१८ पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. विमाधारक कामगाराची नोकरी गेली तर त्याला सरासरी रोजच्या कमाईचा काही हिस्सा मिळतो. सुरुवातीला तो २५ टक्के होता, कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, ५० टक्के केला. जास्तीत जास्त ९० दिवस. आणि आयुष्यात एकदाच, मुंजीसारखा. दुसऱ्यांदा नोकरी गेली तर ती आपली हौस समजायची.

अटीही आहेत. दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी, ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि मुख्य म्हणजे गैरवर्तनामुळे काढलेलं नसावं किंवा स्वेच्छेनं निवृत्ती घेतलेली नसावी. थोडक्यात, नोकरी जाण्यात तुमचा स्वतःचा काही वाटा असता कामा नये. भाचा म्हणाला, "मामा, नोकरी लागण्यातही माझा काय वाटा नव्हता. एका काकांच्या ओळखीनं लागली होती." म्हणजे या कलमात तो दोन्हीकडून बसत होता.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पोराला बसवेना. नोकरी गेल्याच्या आठवड्यात त्यानं सीएनसी-व्हीएमसी प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला. तीन महिन्यांचा, रोज दहा ते पाच. फी २२,००० रुपये, ती दाजींनी भिशी उचलून भरली. सकाळी पोरगं डबा घेऊन, पाठीवर सॅक टाकून बाहेर पडायला लागलं, आणि घरात एक तात्त्विक पेच उभा राहिला.

तो सोडवायला मला साताऱ्याहून बोलावणं आलं. भडंगाची परात मध्ये ठेवून बैठक बसली.

दाजी जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यात हजेरीपटावर खोटी खूण केलेली नाही. ते म्हणाले, "फॉर्मवर बेरोजगार लिहायचं, आणि सकाळी डबा घेऊन निघायचं? उद्या कुणी बघितलं म्हणजे?"

ताई म्हणाली, "बघू द्या की. बेकार माणसाला डबा लागत न्हाई व्हय?"

"तसं नव्हं गं. भत्ता कशाचा, तर बेकारीचा. हा दहा ते पाच गुंतलेला. मग हा बेकार कधी असतो?"

"पाचनंतर," भाचा म्हणाला.

दाजींचे विट्याचे चुलतभाऊ आले होते. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेले आहेत. हे गृहस्थ तिकडे दक्षिणेत दुकान टाकून बसलेले. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "भत्ता बी नगं न् क्लास बी नगं. पाठवा माझ्याकडं, शिकंल. जेवूनखाऊन ऱ्हाईल." आमच्या भागातली सगळ्यात जुनी प्रशिक्षण योजना हीच. तिला अर्ज नाही, अट नाही, विद्यावेतनही नाही. पहिली दोन वर्षं राखेची पोती उचलायची, मग मुशीला हात लावू देतात. तिच्यातून निघालेल्या माणसांचे खानापूर तालुक्यातले बंगले बघितले की कौशल्य विकास म्हणजे काय ते समजतं.

आज्जी इतका वेळ सुपारी कातरत होती. तिनं विचारलं, "पोरगं शिकतंय का न्हाई?"

"शिकतंय."

"मग बेकार कसं?"

"तसं म्हटलं तर भत्ता बुडायचा, आज्जी."

"मग नगं शिकू."

राज्याराज्यांचे सचिव समित्या नेमून, अहवाल मागवून शेवटी ज्या धोरणापाशी पोचतात, ते आज्जीनं अडकित्त्याच्या दोन आवाजांत मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंतिम अधिकाऱ्याकडे गेलो. असले अर्ज आता ऑनलाइन असतात, त्यामुळे अंतिम अधिकारी म्हणजे एसटी स्टँडच्या बाजूला 'येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी लावून बसलेला पंचविशीतला पोरगा. जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांचे जन्म, जाती, उत्पन्नं आणि सातबारे त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये असतात. तो स्वतः एमपीएससीची तयारी करतो. पडद्यावर फॉर्म, बाजूला उघडं इतिहासाचं पुस्तक.

मी प्रामाणिकपणे सुरुवात केली. "याची नोकरी गेलीय. पण हा दिवसभर क्लासला जातो. स्वतःच्या खर्चानं. चालतं का?"

त्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तुम्ही कोण?"

"मामा."

"नोकरी कुणाची गेली?"

"भाच्याची."

"मामा, फॉर्ममध्ये क्लासचा चौकोन आहे का बघा."

आम्ही वाकून बघितलं. चौकोन नव्हता.

"विचारलंय का त्यांनी?"

"नाही."

"मग सांगताय कशाला? त्यांनी विचारलं नाही ते आपण सांगितलं, की त्यांना उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायचं म्हणजे वर विचारावं लागतं. वर विचारलं की ते त्याच्या वर विचारतात. ह्याचे दिवस नव्वद. त्यांचे किती, ते त्यांना पण माहीत नसतं. ओटीपी सांगा."

प्रशासनाचा इतका गाळीव सारांश मी कुठल्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलेला नाही. हा पोरगा उद्या तहसीलदार झाला तर तालुक्याचं भलं होईल. झाला नाही तर फॉर्मचं दुकान आहेच, तिथूनही होतंच आहे.

पण प्रत्येक फॉर्म इतका अबोल नसतो. काही फॉर्म नेमकं तेच विचारतात. जुलै २०२४ मध्ये राज्यात 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली. लोकांनी लगेच तिचं बारसं 'लाडका भाऊ' असं केलं. १८ ते ३५ वयाच्या तरुणांनी सरकारी कचेरीत किंवा कारखान्यात सहा महिने काम करत शिकायचं आणि बारावी पासला ६०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन मिळायचं. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. चांगली योजना. फक्त पात्रतेत एक अट आहे : ज्याचं शिक्षण चालू आहे तो उमेदवार चालणार नाही.

म्हणजे शिकत असाल तर तुम्हाला शिकाऊ म्हणून घेता येत नाही. आमच्या शेजारच्या मुलीला हे कळलं तेव्हा ती ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नाव घालायला निघाली होती. ती अर्ध्या जिन्यातून परत आली. तिनं वर्षभर अजिबात शिकायचं नाही असं ठरवलं आणि मग शासनानं तिला प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू करून घेतलं. ग्रामपंचायतीत तिनं दाखले टाइप केले, जावक क्रमांक टाकले, आणि एका ग्रामसभेत सतरंज्यासुद्धा मोजल्या. मुदत संपल्यावर तिच्यासारखे राज्यभरातले प्रशिक्षणार्थी 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनाला बसले. शिकवायला घेतलेली माणसं शिकून तयार झाली की पुढे काय, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात नव्हता.

महाराष्ट्र एकटाच असा आहे असं समजू नये. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याला खेटून कर्नाटक आहे. तिथे जानेवारी २०२४ पासून 'युवा निधी' मिळतो. पदवीधर बेकाराला महिन्याला ३००० आणि पदविकाधारकाला १५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. पास झाल्यावर १८० दिवस नोकरी लागलेली नसली पाहिजे आणि पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतलेला नसला पाहिजे. शिवाय 'मी अजून बेकारच आहे' असं स्वतःहून पोर्टलवर घोषित करत राहायचं. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला होता आणि मोठा गदारोळ झाला होता. तेव्हा वाद पाण्याचा होता. युवा निधी तेव्हा सुरू झाला नव्हता, हे महाराष्ट्राचं नशीब.

साता समुद्रापलीकडेही हाच खेळ. माझा मामेभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. त्याची नोकरी गेली तेव्हा त्यानं मला फोनवर तासभर तिकडचा कायदा ऐकवला. बेकारी विम्याचा पैसा घ्यायचा तर माणूस रोज कामाला उपलब्ध हवा, नोकरी शोधत हवा. वर्गात बसलेला माणूस उपलब्ध कसा? म्हणून पूर्वी शिकायला गेलेल्याचा भत्ता सर्रास बंद होई. १९७० मध्ये तिथे केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली, की राज्यानं मंजूर केलेलं प्रशिक्षण कुणी घेत असेल तर केवळ त्या कारणानं त्याचा भत्ता नाकारायचा नाही. सगळी मेख 'मंजूर' या शब्दात. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं आठवड्याला १६ तासांची रेघ होती. सोळा तासांपर्यंत शिकलात तर बेकार, सतराव्या तासाला विद्यार्थी. सोमवार ते गुरुवार बेकार असणारा आणि शुक्रवारी दुपारच्या तासानंतर विद्वान होणारा माणूस त्या साहेबांनाच सुचू शकतो.

साऱ्या जगाचं मत एका वाक्यात सांगायचं तर, सरकारनं पाठवलं तर ते प्रशिक्षण आणि स्वतःच्या पैशानं गेलात तर ती चैन. आपल्याकडे आरसेटी या प्रशिक्षण संस्थांत शेळीपालनापासून मोटार रिवाइंडिंगपर्यंत फुकट शिकवतात, राहायला-जेवायला घालतात. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीबरोबर विद्यावेतन देतात. हे सगळं उत्तमच आहे. पण ज्यानं भिशी उचलून, आईच्या पाटल्या गहाण ठेवून स्वतःच फी भरली, त्याच्याकडे मात्र सरकार संशयानं बघतं. हा पैसे भरून शिकतोय, म्हणजे याला पैशाची गरज नाही. आणि बेकार असूनही शिकतोय, म्हणजे हा धड बेकार नाही. सरकारला खात्रीचा माल हवा असतो : निव्वळ, पूर्णवेळ, अन्य कशातही न गुंतलेला बेकार. एवढ्या कसोट्या नोकरीलाही नसतात.

गंमत म्हणजे हा सगळा घोळ ज्या दोन माणसांनी केव्हाच सोडवून ठेवला होता, ती याच दोन जिल्ह्यांतली.

एक सांगलीकडचे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांची. तिचा पहिला प्रयोग तासगाव भागातच झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. गावातला कुणीही प्रौढ माणूस अंगमेहनतीचं काम मागेल, तर सरकारनं पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकार भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. रुपया ऐकून आजची पोरं हसतात. पण त्यातली खोच बघा. इथे भत्ता हा मागणाऱ्याच्या पात्रतेची परीक्षा नव्हता, तो न देणाऱ्याला दंड होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंही तेच तत्त्व घेतलं : पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा, आणि हा बोजा राज्याच्या डोक्यावर. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा मजुरीचा दर ३१२ रुपये धरला तर पहिल्या महिन्यात दिवसाला ७८ रुपये. भत्ता द्यायची वेळ येऊ नये म्हणून तरी साहेब काम काढेल, असा पागेंचा शेतकरी हिशोब. साहेबही काही कमी नाहीत. त्यांनी बऱ्याच ठिकाणी मागणीच्या अर्जाची पोच देणंच सोडून दिलं. पोच नाही, म्हणजे मागणी नाही, म्हणजे बेकारी नाही.

दुसरे साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातली पोरं शेतात राबायची, दळण दळायची, स्वयंपाक करायची आणि शिकायची. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट साताऱ्यात आजही प्रत्येक घरात सांगतात. १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका' म्हणत. त्या वसतिगृहातल्या एखाद्या पोराला आजचा फॉर्म भरायला बसवला असता, तर काय झालं असतं? शिक्षण चालू आहे का? होय. काम करता का? होय. दोन्ही होय. फॉर्मवाल्या पोरानं हात टेकून सांगितलं असतं, "सर्व्हर घेईना."

पण भाऊराव आणि पागे हे विषय आपण परीक्षेला ठेवलेत. तलाठी भरतीत दोन्ही प्रश्न येऊ शकतात, दोन-दोन गुण. याच तलाठी भरतीला २०२३ मध्ये ४६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. अर्जाची फी खुल्या गटाला १००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. गुणाकार ज्यानं त्यानं करावा. अंकगणित अभ्यासक्रमात आहे. जगभर सरकार बेकारांना पैसे देतं. आपण त्यात थोडी सुधारणा केली आणि बेकारांकडूनच घेतले. त्यांच्याकडे कुठून आले, हे मात्र कधी विचारलं नाही. तोही चौकोन फॉर्मात नाही.

भाच्याचं पुढे सुरळीत झालं. अर्ध्या पगारानं नव्वद दिवसांचे २४,००० रुपये टप्प्याटप्प्यानं खात्यावर आले. क्लास संपल्यावर शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी कागद चाळत विचारलं, "मधे तीन महिने गॅप दिसतोय. काय करत होतात?"

हा प्रश्न फार अवघड. 'भत्ता घेत होतो' म्हणावं तर आळशी. 'शिकत होतो' म्हणावं तर अनुभव नाही. भाच्यानं सांगलीच्या पाण्याला जागून सांगितलं, "तयारी करत होतो, सर." साहेबांनी मान डोलावली. तेही कऱ्हाडचे निघाले. पगार १९,००० ठरला.

पहिली पगाराची स्लिप घेऊन तो आला तेव्हा दाजींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. त्यात २०० रुपये व्यवसाय कर कापला होता. हा कर महाराष्ट्रानं १९७५ मध्ये बसवला तोच मुळी रोजगार हमीला पैसा उभा करायला. फेब्रुवारीत तो ३०० होतो, म्हणजे वर्षाला २५०० रुपये. शहरात पगार घेणाऱ्यानं गावात काम मागणाऱ्याची मजुरी भरायची, अशी ती व्यवस्था. महिन्यापूर्वी बेकार असलेला पोरगा आता विसापूरकरांच्या योजनेचा वर्गणीदार झाला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मग दाजींनी पेन्सिल घेऊन जमाखर्च मांडला. भत्ता २४,०००. क्लासची फी २२,०००. उरलेले २००० एसटीच्या पासला आणि कधी डबा नसेल तेव्हा वडापावाला. बरोबर जुळलं, पैचाही फरक नाही. बसून राहिल्याबद्दल सरकारनं जे दिलं होतं, ते पोरानं बसून न राहण्यात अगदी शेवटच्या रुपयापर्यंत खर्च केलं होतं. नकळत का होईना, पण केंद्र सरकारनं सांगलीच्या एका फिटरला व्हीएमसी ऑपरेटर केलं होतं.

दाजींना फार समाधान वाटलं. हजेरीपट जुळल्यावर मास्तरांना वाटतं तसलं. ते म्हणाले, "हे त्यांना कळवलं पाहिजे. त्यांची योजना इतकी चांगली चालली, याचा एखादा अहवाल..." आणि पेढे द्यायच्या निमित्तानं ते स्वतःच फॉर्मच्या दुकानात गेले. सगळी हकिगत सांगून त्यांनी विचारलं, हे वर कळवायला कुठला फॉर्म आहे?

पोरगा इतिहासाचं पुस्तक मिटून उठला, दोन पेढे घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, त्यांनी विचारलंय का?"